मालवणातील जुनी सदनिका : राहणाऱ्याची की रोकडवाल्याची?

मालवणच्या बाजारपेठेतून मेढ्याकडे किंवा धुरीवाड्याकडे वळले की शहराचा गोंगाट मागे पडतो. चिऱ्याचे गडगे, माडांची रांग, परसातली विहीर, फणसाची आणि रातांब्याची सावली, आणि या सर्वांच्या मध्ये गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या दोन-तीन मजली इमारती, असे या वस्त्यांचे रूप आहे. अशा एखाद्या इमारतीतील जुनी सदनिका विक्रीस निघाली, तर ती कोण विकत घेतो, या प्रश्नात वरवर पाहता कोणताही राजकीय आशय दिसत नाही. विकणारा विकतो, घेणारा घेतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला जातो आणि शासनाच्या तिजोरीत मुद्रांक शुल्क पडते. परंतु या साध्या व्यवहाराच्या पोटात कोकणातील जमिनीचा, सहकाराच्या अपुऱ्या राहिलेल्या कार्याचा आणि श्रमाच्या मिळकतीवर जगणाऱ्या माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न दडलेला आहे.

जुनी सदनिका ही पगारावर किंवा रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्या कुटुंबाला मालकीच्या घराकडे नेणारी बहुधा एकच वाट असते. नव्या इमारतींचे दर त्याच्या आवाक्यात नसतात. वडिलोपार्जित घरात हिस्सा असला, तरी तो दहा-वीस सहहिस्सेदारांच्या नावांत गुंतलेला असतो आणि त्यावर स्वतंत्र खोली बांधायची म्हटले तरी मुंबई, पुणे, बडोद्यापर्यंत पसरलेल्या भाऊबंदांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. म्हणून माध्यमिक शाळेतला शिक्षक, एस.टी.चा वाहक, रुग्णालयातील परिचारिका, मासळीच्या व्यापारात चार पैसे मागे टाकलेली स्त्री, गिरणगावातील खोली सोडून आयुष्याच्या संध्याकाळी गावी परतणारा चाकरमानी, या सर्वांची नजर जुन्या सदनिकेवर जाणे स्वाभाविक आहे. आणि नेमकी हीच सदनिका त्यांच्या हाती लागणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

याचे कारण केवळ वाढती किंमत नव्हे. इमारतीच्या जमिनीचे कागद अपुरे राहिल्यामुळे जुन्या सदनिकेवर कर्ज मिळणे दुरापास्त होते. कर्ज मिळत नाही म्हणून ती रोख पैसा बाळगणाऱ्याकडे जाते. आणि रोख पैसा बाळगणारा बहुधा तेथे राहावयास येत नाही. ही तीन कड्यांची साखळी तोडल्याखेरीज मालवणसारख्या शहरात राहणाऱ्यांची घरे राहणाऱ्यांकडे टिकणार नाहीत.

घटती माणसे, वाढती कुलुपे

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत जिल्हा एकोणीस हजार माणसांनी रोडावला. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकाप्रमाणे पाहिले, तर जेथे माणसे कमी होतात तेथे घरांची मागणी घटावी आणि किमती उतराव्यात. प्रत्यक्षात उलटे घडले. माणसे घटत असतानाच मालवणच्या किनारपट्टीत जमिनीला आणि सदनिकांना मागणी वाढत गेली. या विसंगतीचा उलगडा एका गोष्टीने होतो. वाढली ती राहण्यासाठी घर हवे असणाऱ्यांची मागणी नव्हे. पैसा गुंतवण्यासाठी, सुट्टीतल्या चार दिवसांसाठी आणि पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्यासाठी घर हवे असणाऱ्यांची मागणी वाढली.

हे चित्र एकट्या मालवणचे नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली. त्यानंतर वर्षभराने, २०१२ साली, प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरांतील घरांचा तुटवडा सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले, आणि त्यातील जवळजवळ ९६ टक्के तुटवडा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या वाट्याचा होता. रिकाम्या घरांचा ढीग आणि घराविना माणसांची रांग ही दोन्ही एकाच वेळी, एकाच देशात उभी राहू शकतात, याचे कारण घर ही वस्तू गरजेप्रमाणे वाटली जात नसून क्रयशक्तीप्रमाणे वाटली जाते. शेजारच्या गोव्यात हेच आधी घडले. तेथे किनाऱ्यालगतच्या गावांत वर्षातून काही दिवसच दिवा लागणाऱ्या घरांच्या वसाहती उभ्या आहेत आणि तेथल्याच तरुण जोडप्यांना आपल्या गावात भाड्याची खोली मिळवणे अवघड झाले आहे. मालवण त्याच वाटेने निघाले आहे; मात्र अजून ते गोव्याइतके पुढे गेलेले नाही. म्हणूनच आज विचार करणे उपयोगाचे आहे.

शांततेची किंमत कोणी निर्माण केली?

जुनी सदनिका घेणारा नेमके काय विकत घेतो? भिंती, छत आणि फरशी यांचे मूल्य दरवर्षी घटत असते. समुद्राची खारी हवा सिमेंटच्या भेगांतून आत शिरते, सळया गंजून फुगतात, गिलावा पडू लागतो. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस गच्चीतून आणि भिंतींतून वाट काढतो. तीस वर्षांच्या इमारतीतील बांधकाम हे निखळ अर्थाने जुनी वस्तू असते. तरीही तिची किंमत वाढते, कारण वाढ बांधकामाची नसून त्याखालच्या जमिनीची आणि भोवतालच्या परिसराची असते. सावली, शांतता, विहिरीचे गोडे पाणी, पायी चालून जाता येण्यासारखा बाजार आणि समुद्र, यांचीच किंमत खरेदीखतात लिहिलेली असते. फक्त ती चौरस फुटांच्या भाषेत लिहिलेली असते.

ही किंमत सदनिकेच्या मालकाने निर्माण केलेली नाही. रिकार्डोने १८१७ साली भूमीच्या खंडाची जी मीमांसा केली, तिचा गाभा हाच होता की जमिनीचा खंड मालकाच्या कष्टातून उपजत नाही, तो समाजाच्या वाढीतून उपजतो. जॉन स्टुअर्ट मिलने या वाढीला अनर्जित म्हटले आणि तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. मालवणच्या बाबतीत ही मीमांसा अक्षरशः पडताळून पाहता येते. शिवाजी महाराजांनी १६६४ पासून कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग हा सर्वांचा ठेवा आहे. १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य ही सार्वजनिक निर्मिती आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि २०२१ साली सुरू झालेला चिपीचा विमानतळ सार्वजनिक निर्णयातून उभे राहिले.

आणि कोकण रेल्वे? तिच्यासाठी कोकणातील समाजवाद्यांनी किती काळ आवाज उठवला, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ ते १९९१ या काळात राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे प्रा. मधु दंडवते यांनी कोकणच्या दळणवळणाचा प्रश्न संसदेत सातत्याने मांडला. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये मार्ग पूर्ण होऊन राष्ट्राला अर्पण झाला. ही रेल्वे मागितली गेली ती कोकणी माणूस गावाला जोडला जावा आणि येथे उद्योग उभे राहावेत यासाठी. मालवणात रेल्वेस्थानक नाही; पण कुडाळ आणि कणकवली ही स्थानके घटकाभराच्या अंतरावर आली आणि मालवणची जमीन महाग झाली. लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या चळवळीने निर्माण झालेले मूल्य खाजगी खरेदीखतांतून काहींच्या खिशात गेले. आणि ज्यांच्यासाठी ते निर्माण केले, त्यांना आपल्याच शहरातली तीन खोल्यांची जुनी जागा परवडेनाशी झाली. समाजवादी चळवळीने या फलिताची जबाबदारी टाळता कामा नये. मूल्य निर्माण करणे हे अर्धेच काम होते. त्याच्या वाटपाची व्यवस्था करणे हे उरलेले अर्धे काम होते आणि ते राहून गेले.

अपुरा कागद आणि रोख पैसा

आता साखळीच्या पहिल्या कडीकडे वळू. कोकणातील बहुतेक जुन्या सदनिका एखाद्या घराण्याच्या परड्यावर उभ्या आहेत. हिस्सेदार अनेक, गावात राहणारे दोघे-तिघे, बाकीचे परगावी. घर पडू लागले, दुरुस्तीला कोणी पैसा देईना. मग एखाद्या बांधकाम व्यावसायिकाशी करार झाला, मुखत्यारपत्रे दिली गेली, जुने घर उतरले आणि इमारत चढली. सदनिका घेणाऱ्यांशी करारनामे झाले, किल्ल्या दिल्या गेल्या आणि व्यावसायिक दुसऱ्या कामावर निघून गेला.

कायदा येथे थांबत नाही. १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा सांगतो की, पुरेसे सदनिकाधारक झाले की विकासकाने त्यांची सहकारी संस्था नोंदवून द्यावी; आणि त्याखालील १९६४ च्या नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांच्या आत इमारत व तिच्याखालची जमीन संस्थेच्या नावे करून द्यावी. या दुसऱ्या कृतीला अभिहस्तांतरण म्हणतात. महाराष्ट्रात हजारो इमारतींच्या बाबतीत हे अभिहस्तांतरण कधीच झाले नाही. सदनिकाधारक घरपट्टी भरतो, वीजबिल भरतो, देखभालीचा खर्च देतो. पण मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारावर मूळ घराण्यातल्या, बहुधा दिवंगत झालेल्या माणसांची नावे तशीच राहतात. दर पिढीला वारस वाढतात आणि सही मिळवणे आणखी कठीण होते. इमारत मोडकळीस येऊन पुनर्बांधणीची वेळ आली, म्हणजे जमीन कोणाची आणि वाढीव बांधकामाचा हक्क कोणाचा, हा वाद उभा राहतो. ज्याने आयुष्याची कमाई घातली, त्याच्या हाती जमिनीचा तुकडा नसून फक्त हवेतला एक घनाकार असतो.

या अन्यायावर उपाय म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. विकासक किंवा मूळ मालक सही देत नसला, तर संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. सुनावणीनंतर प्राधिकारी प्रमाणपत्र देतो आणि त्याआधारे जमीन संस्थेच्या नावे नोंदवता येते. ही तरतूद चांगली आहे. परंतु ती मोठ्या शहरांतील जागरूक, वकील परवडणाऱ्या संस्थांनाच प्रामुख्याने उपयोगी पडली. आठ-दहा सदनिकांच्या, कधी संस्थाच न नोंदलेल्या, निम्मे सभासद परगावी असलेल्या लहान शहरांतील इमारतींपर्यंत ती पोहोचवण्यासाठी जी संघटित खटपट लागते, ती कोणी केली नाही. त्यात भर म्हणून काही सदनिका नुसत्या साठेखतावर किंवा मुखत्यारपत्रावर हातोहात फिरलेल्या असतात. असे मुखत्यारपत्र म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

कागदाची ही त्रुटी वर्गीय परिणाम कसा घडवते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जुन्या सदनिकेची किंमत २५ लाख रुपये ठरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँकेला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. कागद चोख असतील आणि इमारत धड असेल, तर शिक्षक दांपत्याला अडीच लाख रुपये, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च एवढी पुंजी उभी करून उरलेली रक्कम पगारातून फेडता येईल. कागद अपुरे असतील, तर बँक हात आखडते. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही, जमिनीवर संस्थेचे नाव नाही, मागच्या खरेद्यांची साखळी तुटलेली आहे, इमारतीचे उरलेले आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी आहे, अशी कारणे शोध अहवालात आणि मूल्यांकनात निघतात. बँकेचा यात दोष नाही. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित ठेवणे तिचे कर्तव्यच आहे. पण परिणाम असा होतो की अडीच लाखांऐवजी पंचवीस लाख एकरकमी मोजू शकणाऱ्यालाच ती सदनिका घेता येते.

येथेच बाजाराची खोच आहे. कागदाच्या त्रुटीमुळे सदनिका काहीशी स्वस्त निघते. मात्र त्या स्वस्ताईचा लाभ गरजवंताला न होता रोकडवाल्याला होतो. तो थांबू शकतो, वकील लावू शकतो, पुढेमागे अभिहस्तांतरण झाले की वाढीव किंमत पदरात पाडून घेऊ शकतो. ज्याला आजच डोक्यावर छप्पर हवे आहे, तो मात्र भाड्याच्या खोलीत राहून दरवर्षी भाडेवाढ देत राहतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची जी हमी नाकारली गेली, तिच्यामुळे ही असुरक्षितता अधिकच गडद झाली आहे. म्हातारपणी ठरलेले वेतन नसेल, तर स्वतःचे घर हाच एक आधार उरतो. आणि तोच हाती येत नाही.

कुलूपबंद शेजार

सदनिका रोकडवाल्याकडे गेल्यावर काय होते? इमारत ही सामायिक वस्तू आहे. गच्ची, जिना, पाण्याची टाकी, विहिरीवरचा पंप, सांडपाण्याची टाकी, हे सर्वांचे असते आणि सर्वांनीच सांभाळावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करण्याची तरतूद आहे. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी बांधकामाची तपासणी करून घेण्याची अपेक्षा आहे. खाऱ्या हवेतील इमारतींना तर याची दुप्पट निकड आहे. परंतु दहापैकी सहा सदनिका कुलूपबंद असतील, तर सभेला गणसंख्या भरत नाही, वर्गणी थकते, गच्चीची गळती वरच्या मजल्यावरील एकट्या कुटुंबाने सोसायची असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवणच्या किनाऱ्याला झोडपले. अशा संकटानंतर इमारत सावरण्याचे काम तेथे राहणारी माणसेच करू शकतात. कुलूप छपरावरचे पत्रे बसवू शकत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे ती सदनिका पर्यटकांसाठी दिवसाच्या भाड्याने दिली जाते. कोकणी घरात पाहुणा उतरवणे ही जुनी रीत आहे आणि घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन चार पैसे मिळवणाऱ्या स्थानिक कुटुंबाबद्दल येथे तक्रार नाही. तो स्वयंरोजगार आहे आणि त्यात घरधनी स्वतः तेथेच राहतो. पण परगावचा मालक निवासी इमारतीतील सदनिकांचे परभारे लॉज करतो, तेव्हा त्याच विहिरीवर आणि त्याच सांडपाण्याच्या टाकीवर अनेकपट भार पडतो. किनाऱ्यालगतच्या वाळूतील विहिरींचा उपसा मर्यादेबाहेर गेला की खारे पाणी आत शिरते, हे मालवणातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भार वाढवणाऱ्याचा खर्च मात्र मर्यादितच राहतो. सदनिका भाड्याने दिल्यास संस्थेला घेता येणारे बिनभोगवटा शुल्क शासनाच्या २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते सीमित केलेले आहे. घर भाड्याने देणाऱ्या साध्या मालकाला संस्थांच्या मनमानीपासून वाचवण्यासाठी तो आदेश निघाला, हे खरे. पण दररोज नवा पाहुणा उतरवणारा धंदा त्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

हिरवाईचेही तसेच. १९७५ चा नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. पण कायद्याची अंमलबजावणी व्हावयाची, तर झाडावर कुऱ्हाड पडताना पाहणारा डोळा जागेवर हवा. रोज त्या फणसाखालून जाणारा माणूस तक्रार करतो. मुंबईत बसलेला गुंतवणूकदार त्या फणसाच्या जागी किती गाड्या उभ्या राहतील याचा हिशेब करतो. ज्या शांततेसाठी आणि सावलीसाठी ही घरे महाग झाली, ती शांतता आणि सावली टिकवणारी माणसेच त्या किमतीमुळे बाहेर फेकली जात आहेत.

आक्षेप आणि उत्तर

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, विकणारा हा देखील बहुधा सामान्य माणूसच असतो. त्याला चांगली किंमत मिळत असेल तर त्याच्या आड का यावे? हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पण कागद चोख झाले तर त्यात सर्वांत आधी विकणाऱ्याचाच लाभ आहे. आज त्रुटीमुळे त्याला किंमत पाडून द्यावी लागते. कर्ज मिळू लागले तर खरेदीदारांची संख्या वाढेल आणि तो चार रोकडवाल्यांच्या दयेवर राहणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. हा बाहेरच्यांविरुद्धचा संकुचित सूर नव्हे काय? तसा तो होऊ देता कामा नये. मालवणी माणसाने शतकभर मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत आणि स्वयंपाकघरांत घाम गाळला. लालबाग-परळच्या चाळींत तोही बाहेरचाच होता. १९८२ च्या संपानंतर ज्यांचे कामही गेले आणि घरही धोक्यात आले, त्या गिरणी कामगारांपैकी आणि त्यांच्या वारसांपैकी दीड लाखांहून अधिक जणांनी मुंबईतील घरासाठी अर्ज केले. त्यांतील फार थोड्यांना ते मिळाले. अशा कुटुंबाला गावी परतून मालवणात जुनी सदनिका घ्यावीशी वाटली, किंवा सोलापूरहून बदलून आलेल्या तलाठ्याला घ्यावीशी वाटली, तर त्यांचे स्वागतच झाले पाहिजे. भेद जन्मस्थानावरून करायचा नसून उपयोगावरून करायचा आहे. जो राहणार आहे तो येथला. जो केवळ किंमत चढण्याची वाट पाहत कुलूप लावून जाणार आहे, तो मालवणातच जन्मलेला असला तरी या हिशेबात परका.

सहकाराचा वारसा

या प्रश्नाचे उत्तर सैद्धान्तिक हवेतून आणावयाचे नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली आणि रावबहादूर तालमकी यांनी मध्यमवर्गीय भाडेकरूंना दाखवून दिले की जमीन संस्थेच्या मालकीची ठेवून घरे सभासदांच्या उपयोगासाठी देता येतात. ऐंशीच्या दशकात मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावात दिंडोशी येथील अतिरिक्त जमिनीसाठी लढा दिला आणि सहा हजारांहून अधिक घरे सामान्य माणसांसाठी उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. परंतु त्या लढ्याचा धडा रद्द झालेला नाही. आणि मालवणच्या किनाऱ्यावर तर सहकाराचा त्याहून जुना संस्कार आहे. रापणीची जाळी ओढताना दोर धरणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. इमारतीची जमीन ही तशीच रापण आहे; दोर सर्वांनी ओढायचा आणि वाटा एकट्याने न्यायचा, हे तेथे चालत नाही.

एंगल्सने १८७२ साली गृहप्रश्नावर लिहिताना बजावले होते की कामगाराला छोट्या घराचा मालक केल्याने भांडवलशाही हटत नाही. ते खरेच आहे. पण त्याचा अर्थ घराचा प्रश्न क्रांतीच्या दिवसापर्यंत पुढे ढकलावा असा होत नाही. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९१९ ते १९३४ या काळात साठ हजारांवर घरे बांधली आणि त्यासाठी ऐषारामी घरांवर चढता कर लावला. आजही भांडवलशाही देशांत दुसऱ्या घराकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून अतिरिक्त घराच्या खरेदीवर जादा मुद्रांक शुल्क आहे. वेल्समध्ये समुद्रकाठची गावे सुट्टीच्या घरांनी पोखरली गेल्यावर स्थानिक परिषदांना २०२३ पासून अशा घरांवर नेहमीच्या कराच्या तीनशे टक्क्यांपर्यंत जादा आकार घेण्याचा अधिकार देण्यात आला. महाराष्ट्रात मात्र पहिले घर घेणारी परिचारिका आणि पाचवे घर घेणारा गुंतवणूकदार यांच्यासाठी मुद्रांक शुल्काचा दर एकच आहे. २०२१ पासून स्त्री खरेदीदाराला एक टक्का सवलत मिळते, ही त्यातली एक स्वागतार्ह पायरी. तिच्यापुढची पायरी चढण्याचे धैर्य शासनाने दाखवलेले नाही.

काय करावे?

पहिली मागणी अशी असली पाहिजे की, मानीव अभिहस्तांतरणाची मोहीम शासनाने तालुक्याच्या गावी आणावी. सहकार, महसूल, भूमी अभिलेख आणि नोंदणी या चारही खात्यांनी मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, वेंगुर्ला येथे एकत्र बसून इमारतवार प्रकरणे निकाली काढावीत. लहान इमारतींना ओरोसला खेटे घालावयास लावणे म्हणजे त्यांना हक्क नाकारणेच होय.

दुसरी मागणी सहकारी बँका आणि पतसंस्थांकडे. अभिहस्तांतरण झालेल्या आणि तपासणीत सुस्थितीत आढळलेल्या जुन्या इमारतींतील सदनिकांसाठी, खरेदीदार स्वतः राहणार असेल तर, कर्जाची खास योजना असावी. आणि संस्थेला इमारत दुरुस्तीसाठी सामायिक कर्ज मिळावे. सिंधुदुर्गातील सहकार निवडणुकीच्या राजकारणात पुष्कळ रमला. आता त्याने छपराकडे पाहावे.

तिसरी मागणी मुद्रांक शुल्काची. राहण्यासाठी घेतलेल्या पहिल्या घरावर दर कमी असावा, त्यापुढील घरांवर चढता असावा आणि त्यातून येणारा वाढीव महसूल त्याच नगरपरिषदेकडे भाड्याची घरे बांधण्यासाठी यावा. चौथी मागणी नगरपरिषदेच्या अधिकारांची. वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या आणि केवळ पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सदनिकांची नोंदवही ठेवण्याचा आणि त्यांवर जादा आकार घेण्याचा अधिकार कायद्याने मिळाला पाहिजे. या पैशातून विहिरी, सांडपाणी आणि झाडे यांची निगा व्हावी.

शासनाकडे मागण्या करतानाच कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगे एक काम आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक शाखेने आपल्या शहरातील दहा जुन्या इमारतींची यादी करावी. मिळकत पत्रिकेवर कोणाची नावे आहेत, संस्था नोंदलेली आहे की नाही, भोगवटा प्रमाणपत्र कोठे आहे, किती सदनिकांत माणसे राहतात, हे तपासावे आणि सभासदांना एकत्र बसवून अर्ज भरून द्यावा. मोर्चाइतके हे काम उत्साहवर्धक नाही. त्यात घोषणा कमी आणि हेलपाटे अधिक आहेत. परंतु एका इमारतीची जमीन तिच्यात राहणाऱ्यांच्या नावे झाली, तर पुढच्या वेळी तेथली एखादी सदनिका विक्रीस निघताच बँकेचे दार शिक्षकालाही उघडेल, आणि रोख रक्कम घेऊन आलेल्या माणसाला प्रथमच रांगेत उभे राहावे लागेल.